घुसला नाही, आत घेतला

६ नोव्हेंबर

दादा,

तुझ्या ऑफिसची किल्ली आणि गळ्यातलं ओळखपत्र सोबत पाठवते आहे. लॅपटॉप रिसेप्शनवरच्या बाईंच्या हातात दिला. माझी उशी खुर्चीवरच राहिली आहे. ती तू वापर, तुझी कंबर दुखते. मग मात्र कोणाला देऊ नकोस, फोडलीस तर चालेल.

हे पत्र समेटासाठी नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, मधेच म्हणतोस, "हो गं, भावार्थ कळला." कागद मधे बोलत नाही, म्हणून कागद.

कंपनीच्या त्या निवेदनावर मी सही करणार नाही. काल मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत सांगितलं, आज लेखी सांगते. "प्रणालीत अज्ञात मार्गाने घुसखोरी झाली असून पालकाकडून पासवर्ड हाताळण्यात निष्काळजीपणा झाल्याची शक्यता नाकारता येत नाही." हे तू लिहिलंस? तुझ्या तोंडून "नाकारता येत नाही" असे शब्द मी जन्मात ऐकलेले नाहीत. जिलब्या पाडाव्यात तशी वाक्यं पाडणारा तुझा तो वकीलच असणार.

कोणीही घुसलं नाही, दादा. त्या शाळकरी मुलीच्या, छोटीच्या, बापाने पालकांसाठीचं आपलं ऍप उघडलं. स्वतःचा फोन नंबर टाकला. आपण त्याला कोड पाठवला, त्याने तो भरला. हा खरंच त्या मुलीचा बाप आहे का, हे आपण तपासलं. आहे, शंभर टक्के आहे. आणि मग आपण त्याला अदबीनं सांगितलं की मुलगी आता कुठल्या शाळेत आहे, कोणत्या बसने येते आणि कोणत्या थांब्यावर उतरते. ज्या माणसाला न्यायाधीशांनी तिच्या आसपास फिरकायला बंदी केली होती, त्याला! तिच्या आईने शाळा बदलली, घर बदललं. पण नव्या शाळेतही आपलंच ऍप, त्यामुळे आपल्याकडची नोंद बापाच्या नंबरासकट तिच्या मागोमाग गेली. तो थांब्यावर जाऊन उभा राहिला. आईने मुलीला मागे खेचलं, त्याने आईचा हात पिरगळला, मनगट मोडलं. बसमधली माणसं ओरडत खाली उतरली म्हणून तो पळाला.

आता तू म्हणशील, "मला का सांगतेस, मला माहीत नाही का?" माहीत आहे ना? मग घुसखोरी कुठून आली?

कामांच्या फळ्यावर एक चिठ्ठी होती, "ऑथ". नुसतं तेवढंच. मी तेव्हाच म्हणाले होते की हिच्या दोन चिठ्ठ्या करा. ऑथेंटिकेशन वेगळं, ऑथरायझेशन वेगळं. समोरचा माणूस कोण, हे पटवून घेणं एक. त्या माणसाला काय बघायची मुभा आहे, हे ठरवणं दुसरं. तू म्हणालास, "ठमे, अख्खं जग दोन्हीला ऑथच म्हणतं. कीस काढत बसू नकोस, पुढे चल." सगळे हसले. मागून कोणीतरी "मास्तरीणबाई" म्हणालं. पहिलं काम झालं आणि चिठ्ठी "पूर्ण"च्या रकान्यात जाऊन बसली. दुसऱ्या कामाला कोणी हात लावला नव्हता, पण त्याची चिठ्ठीच नव्हती, तर आठवण कोणाला राहणार? तू शाळांना कळवलंस, ऑथ पूर्ण आहे. तू खोटं बोललास असं मी म्हणत नाही. तुला खरोखर तसंच वाटत होतं. मला राग त्याचाच येतो.

माझं उत्तम चाललं आहे. नव्या ठिकाणी बोलणी चालू आहेत.

ठमी


१९ नोव्हेंबर

दादा,

वहिनीचा फोन आला होता. आधी माझी तब्येत, मग हवा, मग तुमच्या गच्चीवरच्या गळक्या टाकीची हकिकत, आणि मग हळूच, "अगं, ते सहीचं तेवढं बघ ना." मी म्हटलं, "वहिनी, बघितलं. नाही." तिने लगेच टाकीची पुढची हकिकत सांगायला घेतली. मला ती आवडते. तिला यात ओढू नकोस.

मी लिहिणार नव्हते, पण तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मी छोटीच्या आईला भेटले.

ती नर्स आहे हे तुला माहीत असेल किंवा नसेल. तुमच्या कागदात ती "संबंधित पालक" आहे. हात प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे वॉर्डातलं काम बंद. तिला तळमजल्यावर केसपेपर काढायला बसवलं आहे. डाव्या हाताने लिहिते, रांगेतली माणसं कुरकुरतात. कामातून सुटल्यावर आम्ही तिथल्याच कँटीनमध्ये बसलो. आल्या आल्या तिने मला सांगून टाकलं, "तुमच्या कंपनीतल्या कोणाशी मी बोलणार नव्हते. तुम्हाला काढलंय असं कळलं, म्हणून आले."

"काढलं नाही," मी म्हटलं. "मी सोडलं."

"फरक काय पडतो?"

"पडतो," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग हसली. त्या दिवसात तेवढीच हसली.

तुमच्या निवेदनाचं पुढे काय झालं ते ऐक. तिच्या नवऱ्याच्या वकिलाने ते न्यायालयात दाखल केलं आहे. तो म्हणतो, बघा, कंपनीच सांगते की पासवर्डचा निष्काळजीपणा झाला. म्हणजे एक तर ही बाई बेफिकीर आहे, नाहीतर हिनेच नवऱ्याला बोलावून घेतलं आणि आता कांगावा करते आहे. दोन्हीकडून पोरगी बापाकडे द्या. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे.

चहा तसाच ठेवून तिने मला विचारलं, "मी पासवर्ड कोणाला दिला नाही. की दिला असेल? बहिणीला फोन दिला होता एकदा. शेजारणीसमोर उघडलं होतं. मी रोज आठवत बसते. मला माझीच खात्री वाटेनाशी झाली आहे हो."

दादा, तिच्या पासवर्डचा यात काडीचा संबंध नाही. तो माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नंबरवरून आत आला. एक शहाणीसुरती बाई रात्रंदिवस स्वतःला कोर्टात उभी करते आहे, कारण तुला "आमचं चुकलं" म्हणायचं नव्हतं. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं, "तुम्ही काही केलेलं नाही." तिने तेच मला तीनतीनदा म्हणायला लावलं.

तू निवेदन मागे घे. मी दुसरं काहीच मागत नाही.

ठमी


३ डिसेंबर

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस. आईच्या तोंडून दिलंस. रविवारी सगळे जेवायला जमणार होतो, तर आईचा फोन आला, "या खेपेला नको येऊस गं. तो म्हणतो, ती निवेदनाचं डोक्यातून काढत नाही तोवर नको." बोलताना तिचा आवाज असा, की जणू शेजारच्यांचा निरोप सांगते आहे.

तर ऐक. तू माझा मोठा भाऊ आहेस, यात वाद नाही. पण आईच्या घरी मी यायचं की नाही, हे ठरवायची मुभा तुला कोणी दिली? कंपनी तुझी होती, तिथून मी गेले. आईचं घर तुझी कंपनी नाही. रविवारी मी आले. तू नव्हतास. कळलं मला, मी येणार म्हणूनच नव्हतास. आईने दार उघडलं आणि म्हणाली, "मी काही पाहिलं नाही, आत ये." पोटभर जेवले. तुझ्या वाटणीचंही जेवले.

आता मी काय करणार आहे ते तुझ्या पाठीमागे नको, समोर सांगते. नर्सबाईच्या बाजूने मी साक्ष देणार आहे.

वहिनी म्हणते, तू सगळ्यांना सांगतोस की बहीण एका शब्दासाठी भावाला बुडवायला निघाली. एका शब्दासाठी? प्रोग्रॅम लिहिताना तू आर्ग्युमेंटला पॅरामीटर म्हणतोस, वर्षानुवर्षं म्हणतोस, मी कधी हूं की चूं केलं? तुझा भागीदार जावास्क्रिप्टला जावा म्हणतो, भाषा दोन्ही निराळ्या, आणि ग्राहकांसमोर छाती पुढे काढून म्हणतो. मी खिडकीबाहेर बघते. आईसाठी मॉनिटर म्हणजेच कॉम्प्युटर, खालचा डबा म्हणजे "त्याचं मशीन". काय अडलं आहे? काही नाही. असल्या शब्दांवरून जे लोक तावातावाने भांडतात, त्यांना काम कमी असतं, हे माझंही मत आहे. पण शब्द चुकला की काम चुकतं आणि ते काम तिसऱ्याच माणसाच्या अंगावर कोसळतं, असेही शब्द असतात. तिथे मी कीस काढणार. खोबऱ्यासारखा काढणार.

आणि हे तुला कळत नाही असं नाही. हजेरीचं आठव. वर्गात हजेरी घ्यायचीच राहिली असली तरी आपलं ऍप मुलाला "गैरहजर" दाखवायचं. आईबाप हातातलं काम टाकून शाळेकडे धावायचे, पोरगं आपलं वर्गात बसलेलं. तेव्हा टेबलावर हात आपटून कोण ओरडलं होतं? "नोंद नाही आणि मूल नाही, हे एक कसं असेल, अकलेचे दिवे लावलेत सगळ्यांनी!" तूच. त्या दिवशी तुला मास्तर कोणी म्हटलं नाही.

मला हे सगळं शिकवलं कोणी? शिवणाच्या टेबलावर तो कोणाकडून तरी आणलेला जुना कॉम्प्युटर, आणि तू मागे उभा. पडद्यावर चूक आली की मी अंदाजाने काहीतरी बदलायला जायची आणि तू माझा हात धरायचास. "आधी मोठ्याने वाच काय लिहिलंय. शब्द न् शब्द वाच. मशीनला भावार्थ कळत नसतो, ठमे." मी रडकुंडीला येऊन वाचायची. तो दादा मला हवा होता मीटिंगमध्ये. त्याच्या जागी दुसराच कोणी बसला होता आणि मलाच म्हणत होता, भावार्थ कळला ना, पुढे चल.

जाता जाता, बोलणी चालू आहेत असं मी लिहिलं होतं. ते खरंच आहे. मी बोलते आहे, समोरून कोणी बोलत नाही. तुझ्या भागीदाराने चार ठिकाणी माझ्याबद्दल "भांडखोर" असं सांगून ठेवलं आहे. त्या शब्दाला मात्र माझी हरकत नाही.

ठमी


१७ डिसेंबर

दादा,

तू तिथे होतास, तरी लिहिते. माझ्या साक्षीच्या वेळी तू बाहेर होतास आणि तुझ्या वेळी मी. आपण एकमेकांचं काहीच ऐकलेलं नाही.

माझं म्हणशील तर छोटीच्या बापाच्या वकिलाने सुरुवातीलाच टोपी उडवली. "बाई, तुम्ही कंपनी सोडलीत ती एका शब्दावरून, बरोबर? ऑथ म्हणजे हे की ते, यावरून?" मागे कोणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले. मी म्हटलं, "दोन कामांना एकच नाव दिलं होतं. एक झालं, एक राहिलं."

"ओळख पटली की माणूस आत येणार, साधी गोष्ट आहे. ह्यात कसली दोन कामं?"

मी म्हटलं, "तुम्ही वकील आहात हे दारावरच्या माणसाने ओळखपत्र बघून मान्य केलं. म्हणून तुम्ही न्यायाधीशांच्या खुर्चीत बसता का?"

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. हसू लपवत होत्या असं नर्सबाई म्हणते, मला तेवढं बघायचं भान नव्हतं. त्यांनी मला सरळ विचारलं, "या प्रकरणात आईचा पासवर्ड वापरला गेला का?" मी म्हटलं, "नाही." "खात्रीने?" "खात्रीने. कोण कोणत्या नंबरवरून आत आलं याची नोंद कंपनीकडे आहे. मागवून घ्या."

मग मला बाहेर बसवलं आणि तुला आत घेतलं. व्हरांड्यातल्या त्या बाकावर बसून मी तुझ्यावर जेवढी चिडले तेवढी कधी चिडले नव्हते. म्हटलं, आता हा आत "नाकारता येत नाही" म्हणणार आणि त्या पोरीचं वाटोळं होणार.

आत काय झालं ते नर्सबाईने सांगितलं. तू सुरुवात निवेदनातल्या वाक्यानेच केलीस. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "घुसखोरी म्हणता, तर त्याने काय फोडलं ते सांगा." तुझ्या वकिलाने म्हणे तुला काहीतरी सुचवायचा प्रयत्न केला, तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस. मग म्हणालास, "काही नाही फोडलं. तो घुसला नाही. आम्ही आत घेतला."

पोरगी आईकडेच राहिली. बापाला आता लांबूनही फिरकता येणार नाही. नर्सबाई बाहेर आली आणि प्लास्टरचा हात विसरून मला मिठी मारली. माझ्या खांद्यावर वळ आहे.

तू पाण्याच्या नळापाशी बाटली भरत होतास. बाटली भरून वाहायला लागली, तुझा बूट भिजला, तरी तू तसाच उभा. मी हाक मारणार होते. मारली नाही. तुला त्या वेळी कोणाला तोंड दाखवायचं नव्हतं, एवढं मला कळतं.

तू उशिरा बोललास. तुझ्या निवेदनाने एका बाईचे महिनाभराचे दिवस नासवले, त्याची भरपाई त्या वाक्याने होत नाही. पण ते वाक्य तुला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी व्हरांड्यातून ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

ठमी


२२ डिसेंबर

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. एवढी पत्रं मी लिहिली आणि तुझ्या चार ओळी! त्यातही अर्ध्या कामाच्या. "बाकीच्या शाळांमध्येही दार तसंच आहे. मुभेचं काम तुझ्याइतकं कोणाला कळत नाही. येशील का?"

तू "ऑथ" लिहिलं नाहीस. "मुभेचं काम" लिहिलंस. बघितलं मी.

येईन. पण कशी ते वाच, आणि मधे बोलू नकोस.

दार उघडं आहे हे तुला माहीत असताना ऍप चालू आहे, हे मला चालणार नाही. कुठल्या तरी शाळेत अशीच एखादी छोटी असेल. ते आजच बंद कर. सगळ्या शाळांचं. "देखभालीसाठी तात्पुरतं बंद" असलं काही लिहिलंस तर मी येणार नाही. देखभाल नाही ही. ऍप का बंद केलं ते पालकांना खरं खरं सांग, त्यांना कळेल अशा भाषेत. तुझा भागीदार नाचेल. शाळा सोडून जातील, काही तर नक्कीच जातील. जाऊ देत. उरतील त्यांना घेऊन करू.

आणि नर्सबाईची माफी माग. कंपनीची नको, तुझी. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असं लिहून पाठवलंस तर ते पाकीट मी स्वतः तुला परत आणून देईन. मनगट मोडणं ही गैरसोय नसते.

हे पत्र मी आत्ताच तुझ्या दारात टाकून जाते आहे. यावर मला उत्तर पाठवू नकोस. उत्तरात तू मला बरोबर गुंडाळतोस, लहानपणापासून. उद्या सकाळी मी ऍप उघडून बघेन. चालू असेल तर समजेन काय ते.

ठमी


२३ डिसेंबर

दादा,

उघडलं. बंद आहे.

पालकांना गेलेला निरोप वाचला. "आमच्या ऍपने माणूस कोण आहे हे तपासलं, पण त्याला काय दाखवावं हे तपासलंच नाही. त्यामुळे एका मुलीचा ठावठिकाणा नको त्या माणसाला कळला आणि तिच्या आईला इजा झाली. त्या आईची यात काहीही चूक नव्हती, पूर्वी आम्ही तसं म्हटलं ते चूकीचं होतं. दुरुस्ती होईपर्यंत ऍप बंद राहील. किती दिवस, ते आत्ता सांगता येत नाही." खाली तुझं नाव, कंपनीचं नाही.

नर्सबाईचाही फोन येऊन गेला. तू सकाळी सकाळी तिच्या केसपेपरच्या खिडकीपाशी रांगेत उभा होतास म्हणे, नंबर आल्यावर बोललास. काय बोललास ते ती सांगत नाही. तो तुमच्या दोघांतला मामला.

वहिनी म्हणाली की भागीदार दार आपटून गेला आणि दोन शाळांनी कालच राम राम ठोकला. ठोकू देत.

निरोपात शुद्धलेखनाची एक चूक आहे, आणि एक वाक्य शेपटीसारखं लांबलं आहे. मी काही दुरुस्त करणार नाही. अर्थ अगदी बरोबर आहे.

निघालेच.

ठमी